हजेरीपट, सालंग लाइन: प्रकल्प नोंदी, २००७ ते २००९

१४ जून २००७, पुल-ए-खुमरी

साइटवर रुजू झालो. काम असं: पुल-ए-खुमरी ते काबूल २२० केव्हीची डबल सर्किट लाइन, २०२ किलोमीटर, आणि काबूलच्या उत्तरेला चिमतला इथे सबस्टेशन. पैसा भारत सरकारचा, जबाबदारी पॉवरग्रिड या सरकारी वीजवाहिनी कंपनीची, आणि आमच्यासारख्या कंपन्या ठेकेदाराच्या हाताखालचे ठेकेदार. वीज उझबेकिस्तानची. ती आमू दर्या ओलांडून हैरतानला येणार, तिथून दुसऱ्यांनी बांधलेल्या लाइनने इथवर, आणि इथून पुढे आमच्या तारांवरून हिंदुकुश चढून काबूलला.

काबूलला आज जी काही वीज आहे ती बहुतेक नग्लू, सरोबी, माहीपर या काबूल नदीवरच्या जुन्या केंद्रांची. नदी आटली की तीही जाते. मग ज्याला परवडतं तो जनरेटर लावतो, बाकीचे कंदील. घरी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, गावात बारा-बारा तास लोडशेडिंग आहे, मोटार रात्री दोनला चालू करायला उठावं लागतं. त्यामुळे इथल्या लोकांचं दुखणं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझ्याकडे सालंग खिंडीच्या उत्तरेचा टप्पा आला आहे, खिंजानपासून वर. हुद्दा टॉवरच्या फाउंडेशनचा इंजिनियर, पण हजेरीपट आणि मजुरांचे कागदही माझ्याकडेच दिलेत. आधीचा माणूस सुट्टीवर गेला तो परत आला नाही.

पुल-ए-खुमरीत दुपारी अंग भाजतं आणि सालंगच्या कॅम्पवर रात्री दोन रजया लागतात. हे एकाच दिवसात.

२३ जून २००७, खिंजानच्या वर

आज दिवसभर एका लोकेशनवर बसून होतो, कारण आमचं काम सुरूच होऊ शकत नव्हतं. सुरुंग काढणारी टीम पुढे होती. ती ‘झालं’ म्हणेपर्यंत कुदळ मारायची नाही, हा इथला पहिला नियम.

त्यांचं काम जवळून पाहिलं. माणूस पोटावर झोपतो. तोंडावर जाड पारदर्शक मुखवटा, अंगात जाड जॅकेट. डिटेक्टर वाजला की यंत्र बाजूला ठेवतो आणि लांब सळईने जमीन तिरकी टोचत जातो, उभी कधीच नाही, कारण सुरुंगाची कळ वरच्या बाजूला असते. सळईला काही लागलं की बोटांनी आणि ब्रशने माती बाजूला करतो. सकाळी एकाला अर्धा तास लागला आणि निघालं काय, तर काडतुसाचं रिकामं टरफल. त्याने ते उचलून डब्यात टाकलं, घाम पुसला आणि पुन्हा आडवा झाला. चिडला नाही, घाईला आला नाही. टॉवरच्या चार पायांची जागा आणि तिथवरची पायवाट एवढं साफ करायला कित्येक दिवस जातात.

साफ झालेल्या हद्दीवर पांढरे दगड, धोक्याच्या बाजूला लाल. आमच्या मुलांना मी एकच वाक्य पाठ करून घेतलं: लघवीलासुद्धा पांढऱ्या दगडाच्या बाहेर जायचं नाही.

हा डोंगर इतका पेरलेला का, ते स्टोअरकीपरने सांगितलं. सालंगचा बोगदा रशियनांनी १९६४ साली बांधला. उत्तर आणि दक्षिण जोडणारा मोठा रस्ता हाच. त्यामुळे १९७९ नंतर रशियन फौजेने तो राखायला सुरुंग लावले, त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांनी त्यांना अडवायला लावले, आणि पुढे तालिबान उत्तरेला येऊ नये म्हणून त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या अहमद शाह मसूदच्या लोकांनी १९९७ मध्ये बोगद्याची तोंडंच उडवली. तो परत उघडला २००२ च्या जानेवारीत. पेरणारे बरेचसे मेले किंवा निघून गेले, नकाशे कुणाकडे नाहीत.

९ जुलै २००७, पुल-ए-खुमरी, स्टोअर

बोल्टचा एक लॉट आला नाही म्हणून अनेक टॉवर अर्धवट उभे आहेत. लोखंड आपल्याकडून निघतं, पण पाकिस्तान आपला माल जमिनीवरून जाऊ देत नाही. म्हणून न्हावाशेवासारख्या बंदरातून जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला, तिथून ट्रकने इस्लाम कला नाक्यावरून हेरातला, आणि हेरातहून अर्ध्या देशाला वळसा घालून इकडे. ट्रक चालवणारे सगळे अफगाण. वाटेत काय काय होतं हे चलनावर लिहिलेलं नसतं. एका ट्रकच्या केबिनला तीन भोकं होती. ड्रायव्हर चहा प्यायला, सही घेतली, आणि परत कसं जावं याचा विचार करत जिन्यावर बसून राहिला.

त्याचं नाव आमच्या कुठल्याच यादीत नाही. तो वाहतूक ठेकेदाराचा, वाहतूक ठेकेदार आणखी कुणाचा.

१८ ऑगस्ट २००७, खिंजान

हजेरीपटाचा प्रश्न आता नीट मांडून ठेवतो, कारण मला तो या कामातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

साइटवर माणसं तीन प्रकारची. पहिली, भारतातून आलेली: आम्ही इंजिनियर, सुपरवायझर, आणि टॉवर उभारणारी पश्चिम बंगालमधल्या माल्द्याची गँग. भारतात कुठेही हाय टेन्शन लाइनवर जा, वर चढलेली मुलं बहुतेक माल्दा-मुर्शिदाबादचीच असतात. यातल्या दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर अफगाणिस्तानला यायला इमिग्रेशन क्लिअरन्सचा शिक्का लागतो. तो आहे. भारतीय कंपनीने परदेशी पाठवलेल्या कामगाराला १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १५ ब लागू पडतं. म्हणजे यांच्यामागे निदान एक कायदा उभा आहे.

दुसरी, इथे महिन्याच्या पगारावर घेतलेली: ड्रायव्हर, स्टोअरकीपर, स्वयंपाकी, चौकीदार. यांच्याकडे करारपत्र आहे, एका पानाचं.

तिसरी, रोजावर किंवा खेपेवर आलेली. खड्डे खणणारे, वाळू-सिमेंट खेचरांवर लादून वर नेणारे. जिथे रस्ता नाही तिथे हेच लोक टॉवर पोचवतात, एकेक तुकडा करून. हजेरीपटात यांची नोंद अशी: ‘स्थानिक मजूर, ४०’. एवढंच.

म्हणून ठरवलं, प्रत्येकाचं पान करायचं. त्यात अडचणी निघाल्या. बहुतेकांचं नाव एकच, आडनाव नाही. एका गँगमध्ये एकाच नावाचे चौघे. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, ‘रशियन आले त्या साली मी एवढा होतो’ असं हाताने दाखवतात. पण तझकिरा म्हणून जो सरकारी ओळखीचा कागद असतो, त्यावर बापाचं आणि आजोबाचं नाव असतं. ते तीन मिळून माणूस पक्का होतो. मग गाव, मग काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाला द्यायचे ते, मग अंगठा. ज्यांच्याकडे तझकिरा नाही त्यांच्यासाठी गावच्या मलिकची, म्हणजे मुखियाची सही.

स्टोअरकीपर हे सगळं इथल्या दरी भाषेत विचारायचा आणि मला हिंदीत सांगायचा. त्याचं हिंदी दिल्लीच्या एका इस्पितळात आणि टीव्हीवरच्या मालिकांमध्ये तयार झालेलं. पान पंधराव्यावर त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, “इंजिनियर साहेब, हे तुम्ही चांगलं करताय. पण ही वही चुकीच्या माणसाच्या हातात गेली तर हीच मारायची यादी होईल.”

त्याचा भाऊ गझनीच्या बाजूला दुसऱ्या एका कामावर आहे. घरी जाताना ओळखपत्र बरोबर घेत नाही, मोबाइलमधले परदेशी नंबर पुसून टाकतो. परदेश्यांबरोबर काम करणाऱ्यांच्या दारावर रात्री चिठ्ठी चिकटवली जाते, तिला इथे शबनामा म्हणतात. आमच्या खोऱ्यात अजून तसं फार नाही, पण वारा कधी फिरेल ते सांगता येत नाही.

नाव लिहिलं तर जीव धोक्यात, नाही लिहिलं तर मेल्यावर त्याचं कुणी देणं लागत नाही. यावर आम्ही तोडगा काढला तो असा: साइटवरच्या पटात फक्त नंबर. नंबर आणि नाव जोडणारी वही वेगळी, ती काबूलच्या ऑफिसात तिजोरीत. साइटवर फिरणाऱ्या माझ्या या वहीत कुणाचंच नाव नाही. कुणी वाचलीच तर त्याला ‘स्टोअरकीपर’ एवढंच सापडेल.

१६ सप्टेंबर २००७

रमजान सुरू झाला. पहाटे उजाडताच काम, दुपारी बंद. माल्द्याच्या गँगमधली बरीच मुलं रोजे धरतात आणि तरीही टॉवरवर चढायचं म्हणतात. त्यांच्या मुकादमाला सांगितलं, दहानंतर उंचीवरचं काम नाही. तो आधी तयार नव्हता, कारण गँगला पैसे टनावर मिळतात. मग त्या तासांत खाली जुळणी करायची, असं ठरलं.

काल गणपती. स्वयंपाक्याने गूळ नाही म्हणून साखरेचा शिरा केला, संध्याकाळी तोच सगळ्यांच्या इफ्तारला.

७ नोव्हेंबर २००७, पुल-ए-खुमरी

काल बघलानच्या साखर कारखान्यात स्फोट झाला. काबूलहून संसदेचे खासदार कारखाना पाहायला आले होते. त्यांच्या स्वागताला शाळेतली मुलं रांगेत उभी केली होती. माजी मंत्री सय्यद मुस्तफा काझमी गेले, आणखी खासदार गेले. मुलं किती गेली ते आज कुणी सांगू शकत नाही, एकूण आकडा सत्तरच्या पुढे आहे असं म्हणतात.

बघलान इथून उत्तरेला, जवळच. तो कारखाना बिटाची साखर काढतो. मी साखर कारखान्याच्या पट्ट्यातला माणूस, त्यामुळे इथे आल्यावर त्याची चिमणी पाहायची म्हणून मुद्दाम तिकडून गाडी वळवायला लावली होती. बिटाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते, शेतकरी वजनकाट्यापाशी वाद घालत होते. काटा कुठलाही असो, वाद तोच.

आमच्या एका ड्रायव्हरचा पुतण्या त्या रांगेत होता. तो ड्रायव्हर आज कामावर आला. मी घरी जा म्हटलं तर म्हणाला, दफन झालं, आता घरात बसवत नाही. त्याच्यासाठी कंपनीच्या कुठल्याच नियमात रजेचा प्रकार नव्हता. मी भरपगारी सुट्टी लिहून सही केली आणि कारणाच्या रकान्यात कारण लिहिलं.

१२ डिसेंबर २००७

वरचा टप्पा बंद केला. पाच डिग्रीच्या खाली काँक्रीट ओतायचं नाही. ओतलं तर पाणी गोठतं, ताकद येतच नाही, आणि हे वर्षभराने टॉवर कलल्यावर कळतं. मागचे दोन आठवडे पाणी तापवून, वर गोणपाट आणि गवत पसरून रेटलं. आता तेही शक्य नाही. खिंजानच्या खालची कामं चालू राहतील.

१९ एप्रिल २००८, सालंग उत्तर

या वर्षीचा हिवाळा फार वाईट गेला. देशभरात शेकड्यांनी माणसं थंडीने मेली, गुरं तर मोजदादीपलीकडे. रस्ता उघडला आणि आम्ही वर आलो.

वर येताच सुरुंगवाल्यांना परत बोलावलं, कारण बर्फ वितळताना माती सरकते आणि तिच्याबरोबर सुरुंगही सरकतात. गेल्या वर्षी पांढरे दगड मांडलेली वाट या वर्षी तशीच सुरक्षित असेल याची खात्री नाही. त्यांचं वेळापत्रक पंचवीस तारखेचं मिळालं. मी लेखी दिलं की तोवर वरच्या वाटा बंद.

काल मजूर पुरवणाऱ्या स्थानिक ठेकेदाराने मला न विचारता खेचरं वर पाठवली, त्याला बिल लावायचं होतं. सगळ्यात पुढच्या खेचराचा पाय पडला. खेचर जागीच गेलं, मागे चालणाऱ्या म्हाताऱ्याचा डावा पाय घोट्याच्या वरून तुटला.

माल्द्याच्या दोन मुलांनी त्याला उचललं. आधी पुढे धावत सुटलेल्यांना मुकादमाने ओरडून थांबवलं, मग सगळे आपापल्या पावलांच्या खुणांवरूनच परत फिरले, एक त्याला पाठीवर घेऊन. मांडीला पट्टा आवळला होता तो टॉवरवर चढायच्या सेफ्टी बेल्टचा. बोगद्यातून काबूलला न्यायला पाच तास लागले, बोगद्यात ट्रक अडकला होता. इटालियन लोकांच्या ‘इमर्जन्सी’ रुग्णालयात दाखल केलं. ते युद्धात जखमी झालेल्यांकडून पैसे घेत नाहीत.

म्हातारा वाचला.

३० एप्रिल २००८, काबूल

म्हाताऱ्याचं पान इथल्या तिजोरीतल्या वहीत आहे. नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, गाव, अंगठा. ते घेऊन ऑफिसात बसलो.

पहिलं उत्तर: तो कामगार नाही, खेपेवर आलेला ‘विक्रेता’ आहे.

दुसरं उत्तर विमा कंपनीचं: पॉलिसीत भारतातून आलेल्यांचीच नावं आहेत, आणि तशीही वैयक्तिक अपघात पॉलिसीत युद्धामुळे झालेली इजा वगळलेली असते. सुरुंग म्हणजे युद्ध. हे वाचून मी सुन्न झालो, कारण याचा अर्थ असा की हाच अपघात माझा किंवा माल्द्याच्या एखाद्या मुलाचा झाला असता तरी पॉलिसीने हात वर केले असते. युद्धजोखमीची पुरवणी वेगळी घ्यावी लागते, तिचा हप्ता जास्त, आणि ती घेतलेलीच नव्हती. युद्ध चालू असलेल्या देशात माणसं पाठवायची आणि युद्ध वगळलेला विमा काढायचा!

चारिकारजवळ बग्रामचा अमेरिकन तळ आहे. तिथे ठेकेदाराकडे भांडी घासणारा अफगाण मुलगाही त्यांच्या १९४१ च्या ‘डिफेन्स बेस ॲक्ट’खाली येतो. तो कायदा नागरिकत्व बघत नाही, पोटठेकेदारालाही सोडत नाही. प्रत्यक्षात पैसे मिळवायला तिथेही झगडावं लागतं असं तिथले लोक सांगतात, पण झगडायला कायदा तरी आहे. आमच्या वकिलातीवर पहारा देणाऱ्या आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवानामागे सरकार आहे. गणवेश नसलेल्यांत माल्द्याच्या मुलामागे कलम १५ ब आहे. आणि खेचरवाल्यामागे माझ्या वहीतलं एक पान.

मी चार मुद्दे लिहून वर पाठवले. खेपेवरचा माणूसही आमच्या हद्दीत, आमच्या कामावर, आमच्या सांगण्यावरून असेल तर तो कामगार धरायचा. सगळ्यांच्या पॉलिसीला युद्धजोखमीची पुरवणी. स्थानिक मजुरांचा विमा नावाने नव्हे तर नंबराने, म्हणजे यादी बाहेर फिरणार नाही. आणि म्हाताऱ्याला पाय आणि खेचर, दोन्हीची भरपाई. खेचर हे त्या घराचं सगळं उत्पन्न होतं, हे मी ठळक केलं.

२ जून २००८, काबूल

रेड क्रॉसच्या ऑर्थोपेडिक केंद्रात म्हाताऱ्याला घेऊन गेलो. हे केंद्र चालवणारे अल्बर्टो कैरो हे इटालियन गृहस्थ १९९० पासून या देशात आहेत. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की काम करणारेही बहुतेक सगळे अपंग आहेत. पायाचं माप घेणारा स्वतः कृत्रिम पायावर उभा, साचा ओतणारा कुबडीवर. म्हातारा आत जाताना कुणाशी बोलत नव्हता. माप घेणाऱ्याने पँट वर करून आपला पाय दाखवला, कुठल्या साली गेला ते सांगितलं, आणि मग दोघं अर्धा तास बोलत बसले: कुठल्या खोऱ्यातला, कुणाच्या बाजूने लढलास, द्राक्षं यंदा कशी आहेत. प्लास्टरचं पाणी गार होत होतं, कुणाला घाई नव्हती.

कंपनीने पायाचे पैसे ‘सहानुभूती म्हणून’ मंजूर केलेत. खेचराचे नाहीत. मी परत लिहिलं आहे.

८ जुलै २००८, काबूल

काल सकाळी साडेआठच्या सुमाराला आपल्या वकिलातीच्या फाटकावर गाडीबॉम्ब फुटला. वकिलातीतले लष्करी अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि राजनैतिक अधिकारी वेंकटेश्वर राव यांची गाडी त्याच वेळी आत शिरत होती. दोघेही गेले. आयटीबीपीचे दोन जवान गेले. पण मेलेल्यांत सगळ्यात जास्त अफगाण आहेत, व्हिसाच्या रांगेत उभे असलेले, समोरच्या दुकानांतले, रस्त्याने चाललेले.

आमचा स्टोअरकीपर त्या रांगेत होता. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन दिल्लीत करायचं म्हणून व्हिसाला गेला होता. रांगेच्या शेवटी होता म्हणून वाचला. काचांनी चेहरा आणि खांदा फाटलाय, उजव्या कानाने ऐकू येत नाही.

आज त्याला भेटलो तर आधी विचारलं, माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्स वकिलातीत होत्या, त्या कुठे गेल्या असतील? नावाची भीती त्याच्या डोक्यातून अजूनही जात नाही.

ऑफिसातून विचारणा आली: तो ड्यूटीवर होता का? मी उत्तर दिलं: त्या दिवशी त्याने जाताना दोन सुपरवायझरांच्या व्हिसा वाढवायच्या अर्जांचं पाकीटही आमच्या सांगण्यावरून नेलं होतं, गेट रजिस्टरात त्याची नोंद आहे. तेव्हा होय, ड्यूटीवर होता.

भारतात बातम्या बघून प्रत्येकाच्या घरून फोन. माल्द्याच्या तीन मुलांना घरच्यांनी परत बोलावलंय, त्यांची तिकिटं केली. कुणालाही थांब म्हटलं नाही.

२१ ऑगस्ट २००८, सालंग माथा

तारा ओढण्याचं काम सुरू. साडेतीन हजार मीटरच्या वर टॉवरवर चढणारा मुलगा खालच्या मानाने निम्म्या वेळात दमतो, म्हणून जोड्या दुप्पट केल्या. उंचीवर हवा विरळ, तिची वीज रोखायची ताकदही कमी, म्हणून इथे तारांमधली अंतरं जास्त ठेवावी लागतात. शिवाय तारेवर बर्फाचं ओझं येणार, ते धरून ताण आणि झोळ बसवायचा. कोयनेच्या घाटातल्या लाइनवर मी पावसाशी आणि कड्यांशी झगडलोय, पण तिथे डोंगर पायाखाली निदान जागेवर राहायचा. हिमकडा जिथून उतरतो ती जागा गावकऱ्यांना अचूक माहीत असते. एका टॉवरची जागा सर्व्हेने नक्की केली होती. मेंढपाळांनी ‘इथे नको’ म्हणून सांगितलं, सर्व्हेवाल्यांनी परत पाहणी केली आणि ती बाजूला सरकवली.

पायलट दोर, म्हणजे तारेआधी ओढायचा बारीक दोर, दरीपलीकडे नेताना रस्ता दोन्हीकडून थांबवावा लागतो. त्यात आज परदेशी फौजांचा ताफा आला. ताफ्याच्या मागच्या गाडीवर लांब राहण्याची पाटी असते, आणि जवळ गेलेल्या गाडीवर गोळी झाडली जाते. आमच्या ड्रायव्हरांचा नियम ठरलेला: ताफा दिसला की रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आमचा ट्रॅफिक थांबवणारा पोरगा लाल झेंडा घेऊन रस्त्यात उभा होता. मी त्याला झेंडा खाली टाकून बाजूला यायला लावलं, दोर ढिला करून जमिनीवर सोडला, ताफा त्यावरून गेला, मग परत सगळं पहिल्यापासून. अख्खी दुपार गेली, पण पोरगा संध्याकाळी जेवायला होता.

ऑफिसातून पत्र: पॉलिसीच्या नूतनीकरणात युद्धजोखमीची पुरवणी मंजूर. स्थानिक महिनेवारी आणि रोजंदारीवाले नंबराने समाविष्ट. खेपवाले ‘विचाराधीन’.

२८ नोव्हेंबर २००८, खिंजान

मुंबई. परवा रात्रीपासून कॅम्पमधला टीव्ही बंद केलेला नाही. ताज अजून पेटतंय. माझा साडू रेल्वेत, सीएसटीलाच. काल पहाटेपर्यंत फोन लागत नव्हता. लागला तेव्हा तो घरी होता, त्याची पाळी दुपारी संपली होती.

काल सकाळी कामावर कुणी गेलं नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. ड्रायव्हर, चौकीदार, खड्डे खणणारे, गावातली चार म्हातारी माणसं, सगळे कॅम्पवर येऊन बसले. प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन घरचे कसे आहेत विचारलं, मग माल्द्याच्या प्रत्येक मुलाला विचारलं. त्यांनी मेलेल्यांसाठी फातिहा वाचली. बघलानला पुतण्या गेला तो ड्रायव्हर माझ्याशेजारी दिवसभर बसून होता, चहा संपला की भरत होता, एक शब्द बोलला नाही. घरून आईचा फोन आला: “तू तरी सुखरूप आहेस ना?”

आज काम सुरू केलं. वरती दोन स्पॅन (टॉवर ते टॉवरचे टप्पे) राहिलेत आणि बर्फ कुठल्याही दिवशी पडेल.

जानेवारी २००९, अखेरचा आठवडा, चिमतला

लाइन चार्ज झाली. या महिन्यात उझबेकिस्तानची वीज आपल्या तारांवरून चिमतल्याला पोचली.

चार्ज करण्याआधीचं काम लोकांना दिसत नाही. प्रत्येक टॉवरखालून चालत जायचं, तात्पुरतं लावलेलं अर्थिंग काढल्याची खात्री करायची, कुणी तारेला काही लटकवलंय का बघायचं. खालच्या गावांत काही टॉवरांचे आडवे अँगल कापून नेले होते, ते बसवले. दोन वर्षं मुलं या टॉवरांवर चढून खेळली, मेंढ्या त्यांच्या पायाला बांधल्या. आता त्याच तारांत जीव घेणारा दाब येणार. म्हणून प्रत्येक गावच्या मशिदीतून शुक्रवारच्या नमाजनंतर सांगायला लावलं: आजपासून तारेत वीज आहे, चढू नका, खाली घरं बांधू नका. मुल्लांनी नुसतं जाहीर केलं नाही, काही ठिकाणी मुलांना टॉवरपाशी नेऊन दाखवलंसुद्धा.

सुरुवातीला भार कमीच ठेवलाय, शहरातलं वाटपाचं जाळं जुनं आहे. तरी काबूलच्या खैरखाना भागात रात्री आठला दिवे होते आणि जनरेटर बंद होते. मी आणि स्टोअरकीपर गाडीतून उतरून रस्त्याने चालत गेलो. त्याने डावा कान माझ्याकडे केला होता. एका न्हाव्याच्या दुकानात रात्री आठला दाढी चालू होती, बाहेर आणखी दोघे थांबले होते.

९ मार्च २००९, काबूल. हस्तांतर

पुढच्या इंजिनियरला दिलेले कागद: फाउंडेशनच्या चाचण्यांचे अहवाल, टॉवरनिहाय यादी, सुरुंग साफ केलेल्या जागांची प्रमाणपत्रं, नकाशासह. शेवटची फाइल तारांच्या देखभालीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाने आधी बघायची आहे, कारण प्रमाणपत्र टॉवरच्या पायापुरतं आणि वाटेपुरतं आहे, डोंगराचं नाही. आणि ते दर वसंतात परत तपासायचं आहे.

नावांची वही कुणाकडेही दिलेली नाही. ज्यांचे दावे मिटले आणि हिशेब पूर्ण झाला त्यांची पानं ज्याची त्याला परत केली, सही किंवा अंगठा घेऊन. ज्यांचे दावे बाकी आहेत त्यांची पानं सीलबंद करून दिल्लीच्या ऑफिसात पाठवली. साइटवर आता फक्त नंबर आहेत.

बाकी राहिलेलं: स्टोअरकीपरच्या कानाचा दावा मान्य झाला, पैसे आलेले नाहीत, पाठपुरावा नव्या इंजिनियरकडे. म्हाताऱ्याच्या खेचराचे पैसे अखेर ‘साहित्याचं नुकसान’ या खात्यातून निघाले. तो आता कृत्रिम पायावर चालतो आणि नवं खेचर त्याचा मुलगा हाकतो. ट्रकच्या केबिनला भोकं पडलेल्या त्या ड्रायव्हरचा पत्ता लागला नाही, वाहतूक ठेकेदार उत्तर देत नाही, चौकशी चालू ठेवावी.

खेपवाले अजूनही ‘विचाराधीन’ आहेत. या देशात आपलं पुढचं जे काम निघेल त्याच्या टेंडरमध्ये सिमेंट आणि लोखंडासारखाच एक स्वतंत्र रकाना असावा, हद्दीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाचा युद्धजोखमीसह विमा, पोटठेकेदाराच्या माणसांसकट, आणि तो दर कमी करायची मुभा कुठल्याही बोलीदाराला नसावी, असं टिपण आज दिल्लीला पाठवलं. पोच आल्यावर ती फाइलला लावायची आहे.